पेडल स्टील गिटार घरी बनवताना: आधी एक तार

पेडल स्टील गिटार बनवायला घेणारे बरेच जण सुरुवात लाकडापासून करतात. चांगली फळी मिळवतात, रंधा मारतात, पॉलिश करतात आणि त्या देखण्या पेटीत बसेल अशी यंत्रणा मग शोधत बसतात. हा क्रम उलटा आहे. या वाद्यात सूर बदलण्याचं सगळं काम धातूचे भाग करतात आणि तिथली शतांश मिलिमीटरची ढीलही कानाला कळते. म्हणून माझं सांगणं असं, की आधी एका तारेची यंत्रणा बनवा. पेडल सोडल्यावर ती तार दर वेळी मूळ सुरावर परत येते का, ते बघा आणि मगच पेटीच्या लाकडाला हात लावा. सूर चढवणं कुणालाही जमतं. चढलेला सूर अचूक जागेवर परत आणणं हे या वाद्यातलं खरं कसब आहे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार पायांवर उभी असलेली एक आडवी, लांबट पेटी. तिच्यावर दहा तारा. पडदे नाहीत, पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा. वाजवणारा मागे बसतो, डाव्या हातातला स्टीलचा गुळगुळीत दांडा तारांवर टेकवून सरकवतो आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत घातलेल्या पिकांनी तारा छेडतो. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने चढतो, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात एक सूर स्थिर आणि त्याच्या शेजारचा वळत जाणारा असं जे ऐकू येतं, ते या यंत्रणेचं काम.

आपल्याकडे हवाईयन गिटार नवी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांनी ती घरोघरी पोचवली, ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. मात्र या गिटारींना पेडल नसतात. तारा ज्या मेळात लावल्या, त्या मेळातच दांडा फिरतो. अमेरिकेत ही अडचण दूर करण्यासाठी १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीने इलेक्ट्राहार्प नावाचं पेडलांचं वाद्य काढलं. पुढे १९४८ मध्ये पॉल बिग्जबी यांनी कॅलिफोर्नियात स्पीडी वेस्ट या वादकासाठी एक पेडल स्टील घडवली. बिग्जबी हे आधी मोटरसायकलच्या कारखान्यात काम केलेले यंत्रकारागीर, हे मला महत्त्वाचं वाटतं. टर्नर-फिटरच्या हातांनी वाढलेलं हे वाद्य आहे. लेथवर काम केलेला माणूस इथे सुताराच्या दोन पावलं पुढे असतो. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तेव्हापासून तो वळणारा सूर म्हणजेच पेडल स्टील, असं समीकरण झालं. नंतर बडी एमन्स, शॉट जॅक्सन, जिमी डे यांच्यासारख्या वादकांनी तारांचा मेळ आणि पेडलांची मांडणी पक्की केली. आज नॅशव्हिलमध्ये रुळलेली पद्धत तीच आहे.

तो मेळ ई नाइन्थ म्हणून ओळखला जातो. वाजवणाऱ्यापासून सर्वांत लांबची तार पहिली. तिथून जवळ येत सूर असे: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पेडल तीन. पहिलं पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी चढवून सी शार्प करतं. दुसरं तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी शार्प चढवून ए करतं. तिसरं चौथ्या तारेचा ई चढवून एफ शार्प आणि पाचव्या तारेचा बी चढवून सी शार्प करतं. याखेरीज गुडघ्याच्या एका लिव्हरने चौथ्या व आठव्या तारेचा ई चढून एफ होतो, दुसऱ्या लिव्हरने तोच ई उतरून डी शार्प होतो. बाकीचे लिव्हर पुढची गोष्ट.

आता यात एक सोय दडली आहे. तिन्ही पेडलं आणि ई-ते-एफचा लिव्हर यांत सूर फक्त चढतो, उतरत कुठेच नाही. हे लक्षात आलं की घरच्या वर्कशॉपमधलं निम्मं ओझं हलकं होतं, कारण चढवण्याची यंत्रणा फार साधी असते, उतरवण्याची किचकट. पहिलं वाद्य तीन पेडलं आणि एक लिव्हर एवढ्यावरच बनवा. तेवढ्यावर शिकण्यासारखं मुबलक आहे.

चढवणं सोपं का, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेटीच्या उजव्या टोकाला चेंजर असतो. त्यात प्रत्येक तारेसाठी ॲल्युमिनियमचा एक फिंगर, आणि दहाही फिंगर एका आडव्या शाफ्टवर ओवलेले. फिंगरचा माथा गोल. तार त्या गोलाईवरून जाऊन मागच्या खिळीला अडकते. फिंगरचं शेपूट पेटीच्या खाचेतून खाली उतरतं. तारेचा ताण माथ्याला डावीकडे ओढतो, त्यामुळे शेपूट उजवीकडे रेटलं जातं आणि तिथल्या एका पक्क्या स्टीलच्या पट्टीला, म्हणजे स्टॉपला, टेकून राहतं. या टेकलेल्या अवस्थेत जो सूर लागतो तो खुल्या तारेचा. आता पेटीखालून येणाऱ्या सळईने शेपूट डावीकडे ओढलं की माथा उजवीकडे वळतो, तार ताणली जाते, सूर चढतो. सळई सोडली की तारेचा स्वतःचाच ताण फिंगरला परत स्टॉपवर आणून बसवतो. एक फिंगर, एक शाफ्ट, एक स्टॉप. वेगळी स्प्रिंगही लागत नाही.

उतरवायचं असेल तर शेपूट उजवीकडे जायला हवं, पण सळई तर डावीकडेच ओढते. ही दिशा उलटवण्यासाठी दोन पट्ट्या रिव्हेटने कात्रीसारख्या जोडाव्या लागतात, वर तारेच्या ताणाला पुरून उरेल अशी स्प्रिंग लागते, तिचा स्वतःचा वेगळा स्टॉप लागतो. पहिल्याच वाद्यात हे घेऊ नका. फक्त फिंगरच्या शेपटाखाली आणि मागे पुरेशी जागा ठेवा, म्हणजे नंतर ती जोडता येईल.

चाचणीसाठी बाक करा. ७५ मिमीचा जाड ॲल्युमिनियम चॅनल, लांबी ८०० मिमीच्या आसपास, पुरे. त्याच्या एका टोकाला फिंगर आणि शाफ्ट, दुसऱ्या टोकाला तार ज्यावरून वळते ती खाचेची पुली आणि एक गिटारची खुंटी. फिंगरच्या माथ्यापासून पुलीपर्यंत ६१० मिमी, म्हणजे २४ इंच. पेडल स्टीलची ही रुळलेली लांबी आहे.

सामान गोळा करताना परदेशी सुट्या भागांच्या मागे लागायची गरज नाही. फिंगरसाठी ६०८२ ग्रेडचं ॲल्युमिनियम घ्या; आपल्याकडचे दुकानदार त्याला एचई-३० म्हणतात. भंगारातलं ओतीव ॲल्युमिनियम नको, ते रीमरखाली फाटतं. शाफ्टला सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटरचं सामान विकणाऱ्यांकडे १० मिमीची लिनिअर शाफ्ट मिळते, कडक केलेली आणि ग्राइंड केलेली. ती कापायला हॅकसॉ चालत नाही, ॲब्रेझिव्ह चक्ती लागते. शाफ्ट ८ मिमीची घेण्याचा मोह टाळा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १० मिमीची शाफ्ट ८ मिमीच्या जवळजवळ अडीचपट ताठ असते. ओढसळयांसाठी टिग वेल्डिंगच्या स्टेनलेस फिलर रॉडपेक्षा चांगलं काही नाही: २.४ मिमी जाडी, मीटरभर लांबी, सरळसोट, आणि टोकाला एम २.५ ची डाय फिरवली की आटे तयार. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ही सगळी खरेदी एका फेरीत होते. लेथ घरी नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्यात भोसरीला, नाशिकला सातपूरला जॉबवर्क करणारे भरपूर आहेत. त्यांच्याकडे जाताना कागदावर मापं आणि टॉलरन्स लिहून न्या. ‘जरा घट्ट ठेवा’ असं तोंडी सांगून हवं तसं भोक मिळत नाही.

फिंगरचं भोक हा सगळ्यात नाजूक भाग. ९.७ किंवा ९.८ ने ड्रिल करून १० मिमीच्या एच-७ रीमरने हळू फिनिश करा, एकाच दिशेने फिरवत. रीमर उलटा फिरवला की धार मरते आणि भोकही बिघडतं. ॲल्युमिनियमला कापताना रॉकेल उत्तम. ते मिळत नसेल तर डब्ल्यूडी-४० चालतं. डोळ्यांवर गॉगल हवाच. ॲल्युमिनियमचा बारीक चुरा चुंबकाला लागत नाही, त्यामुळे डोळ्यात गेला तर काढणं अवघड. फिंगर शाफ्टवर घालून हलवून बघा: तेलाच्या एका थेंबावर तो स्वतःच्या वजनाने फिरला पाहिजे, पण आडवा हलवला तर लटपटता कामा नये.

माथ्याच्या गोलाईची त्रिज्या ९.५ मिमी ठेवा. दिसायला छान म्हणून ती लहान करू नका. यामागचं कारण तिसरी तार. ०.०११ इंच जाडीची ही तार ६१० मिमी लांबीवर जी शार्पला लावली की तिच्यावर साडेबारा किलोच्या आसपास ताण येतो, आणि पेडलने ए केला की चौदा किलो. तारेच्या तुटण्याच्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या वर हा ताण जातो. जाड तार घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण जाड तारेला त्याच सुरासाठी ताणही तितकाच जास्त लागतो. दर चौरस मिलिमीटरला पडणारा भार तेवढाच राहतो. तो फक्त लांबी आणि सूर या दोनच गोष्टींवर अवलंबून आहे. आता ही आधीच ताणलेली तार माथ्यावर वळते आणि प्रत्येक पेडलला तिथेच थोडी मागेपुढे होते. म्हणून तिसरी तार तुटते ती बहुधा माथ्यावरच. तिथे बारीकसा ओरखडा असला तरी तार लवकर जाते. ४०० च्या पॉलिश पेपरपासून २००० पर्यंत जा, तारेच्या दिशेने घासा, आणि शेवटी मऊ फडक्यावर ब्रासो घेऊन आरशासारखी चकाकी आणा. इथे घालवलेला तास पुढे तारांच्या कितीतरी पाकिटांचा खर्च वाचवतो.

आता चाचणी. तार लावा, ताणून बसू द्या, चांगला ट्यूनर जोडा. बाकाला सळई ओढण्यासाठी एक साधा हाताचा लिव्हर आणि त्याला अडवणारा स्क्रू लावा. ओढा, सोडा, काटा बघा. असं पुष्कळ वेळा करा. सूर परत एखाद-दोन सेंटच्या आत यायला हवा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. येत नसेल तर दोष कुठे आहे ते शोधण्याची पद्धत आहे, अंदाजाने स्क्रू पिळत बसू नका.

पहिली तपासणी कागदाची. ट्रेसिंग पेपरची अरुंद पट्टी फिंगरचं शेपूट आणि स्टॉप यांच्यामध्ये ठेवा. पेडल मोकळं असताना कागद घट्ट धरला गेला पाहिजे. तो सहज निसटला तर फिंगर स्टॉपवर बसतच नाहीये, सळई त्याला अधांतरी धरून आहे. सळईच्या टोकाचा नट सैल करा. कागद घट्ट आहे आणि तरीही सूर परत उतरलेला येतो, असं असेल तर बघायचं डाव्या टोकाला. पुली आणि खुंटी यांच्यामधल्या तारेवर बोटाने हलकं दाबून सोडा. तेवढ्याने सूर जागेवर आला तर दोष पुलीत आहे: तार चढताना पुलीवरून पुढे सरकते आणि सोडल्यावर घर्षणामुळे पूर्ण मागे जात नाही. पुली नीट फिरत नाही, खाच खडबडीत आहे किंवा तारेला खाच अरुंद पडते, यांपैकी एक कारण सापडेलच. दोन्ही तपासण्यांत काही निघालं नाही तर खुंटीवरचे वेढे बघा. तीन-चारच वेढे हवेत, एकावर एक चढलेले नकोत. हा क्रम सोडू नका. पुढे दहा तारा झाल्या की दोष शोधणं दहापट अवघड होतं, आणि तेव्हा हीच शिस्त उपयोगी पडते.

एक तार बसली की दुसरी लगेच जोडा, पण निवडून: तिसरी आणि सहावी. दोन्ही जी शार्प, एका सप्तकाच्या अंतरावर, आणि दोन्ही एकाच पेडलवर. नवशिक्याला वाटतं, दोघींना सारखाच अर्धा स्वर चढायचा आहे, तर सळया सारख्याच ओढू. तसं होत नाही. साध्या, म्हणजे न गुंडाळलेल्या, तारेत सूर दुप्पट झाला की तार चौपट ताणलेली असते. हिशेब केला तर तिसऱ्या तारेला अर्ध्या स्वरासाठी साधारण ०.८७ मिमी ओढावं लागतं आणि ०.०२० इंची सहाव्या तारेला जेमतेम ०.२२ मिमी. यात खुंटीपर्यंतची शंभरएक मिलिमीटर जादा तारही धरली आहे. म्हणजे सहाव्या तारेवर शतांश मिलिमीटरची ढील चार-पाच सेंटचा फरक पाडते. सुरुवातीला शतांशाची गोष्ट केली ती म्हणूनच.

दोन तारांनी एकदम सुरू व्हावं आणि एकदम पोचावं, यासाठी ओढण्याचं प्रमाण बदलावं लागतं. त्याच्या दोन जागा आहेत. पेटीखाली पेडलने फिरणारी आडवी सळई असते, तिच्यावर बसवलेल्या क्रँकला १० ते २५ मिमीपर्यंत ओळीने भोकं ठेवा. फिंगरच्या शेपटाला शाफ्टपासून २० ते ३२ मिमीवर भोकं ठेवा. क्रँकवर लांबचं भोक घेतलं की सळई जास्त सरकते. फिंगरवर शाफ्टच्या जवळचं भोक घेतलं की तेवढ्याच सरकण्यात तार जास्त ओढली जाते. तिसऱ्या तारेला क्रँकचं २५ आणि फिंगरचं २० घ्या. सहाव्या तारेला क्रँकचं १० आणि फिंगरचं ३२. अडीचपट गुणिले १.६ पट म्हणजे बरोबर चौपट. आडवी सळई चार-सव्वाचार अंशांत फिरली की दोन्ही तारा आपापल्या ए वर पोचतात. हे गणित साध्या तारांपुरतं. गुंडाळलेल्या तारांमध्ये ताण आतली गाभ्याची तार घेते आणि तिची जाडी कंपनीगणिक वेगळी असते, तिथे बाकावर प्रत्यक्ष भोकं बदलूनच जुळवावं. एकदा जुळलं की त्याच कंपनीच्या तारा कायम वापरा.

सळईच्या टोकाचा नट नायलॉनचा करा. षटकोनी नायलॉनच्या कांडीला सळईहून जरा लहान भोक पाडायचं आणि सळईच्या आट्यांनी स्वतःच वाट करून जायची. मग तो कंपनांनी फिरत नाही. सळई शेपटाच्या भोकातून आरपार जाते आणि नट उजव्या बाजूने शेपटाला ओढतो. याचा फायदा असा, की एका फिंगरला दोन वेगळ्या पेडलांच्या सळया लावता येतात. एकीने ओढलं की शेपूट दुसरीच्या नटापासून दूर सरकतं, दुसरी नुसती लोंबकळत राहते. पाचव्या तारेला पहिलं आणि तिसरं अशी दोन पेडलं आहेत, तिथे हेच हवं असतं.

दोन तारा महिनाभर बिनतक्रार चालल्या की उरलेले आठ फिंगर करायला घ्या. एकेक करून मोजत बसू नका. ८ मिमी जाड स्टीलच्या पट्टीचं जिग बनवा, सगळी भोकं त्यात अचूक पाडा, आणि प्रत्येक फिंगर त्यात घट्ट धरून ड्रिल करा. एखादं भोक जिगमध्ये थोडं चुकलं तरी सगळीकडे सारखंच चुकेल, आणि सारखी चूक वाद्यात खपते. चेंजरपाशी तारांमधलं अंतर ८.७ मिमी असतं. फिंगर त्याहून थोडे बारीक आणि मध्ये पातळ वॉशर. शाफ्टला दोन्ही टोकांना आधार द्याच, शिवाय पाचव्या-सहाव्या फिंगरच्या मध्ये तिसरा आधार द्या. असा आधार दिला की शाफ्टचा झोळ दहाव्या हिश्श्याच्याही खाली येतो. मधला आधार नसेल तर एक तार ओढली की शाफ्ट वाकून शेजारच्या तारांचे सूर हलतात.

डाव्या टोकाच्या पुल्यांची खाच प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कमीजास्त खोल हवी. दांडा तारांच्या वरून सरकतो, म्हणून तारांचे वरचे काठ एका पातळीत यायला हवेत. पातळ तिसरी आणि जाड दहावी यांच्या जाडीत पाऊण मिलिमीटरच्या जवळपास फरक आहे. सरळ पट्टी सगळ्या तारांवर आडवी ठेवून उजेडात बघा, कुठे फट दिसते का.

आता लाकूड. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो आणि पेडल दाबलं की तो आणखी बदलतो, म्हणून पेटी ताठ हवी. अमेरिकेत हार्ड मेपल वापरतात. आपल्याकडे आयात केलेला मेपल महाग पडतो. वाफवलेला बीच टिंबर मार्केटमध्ये सहज मिळतो आणि वजनाने, कणखरपणाने मेपलच्या जवळ आहे. मात्र बीच हवेतला ओलावा जास्त ओढतो. मुंबई, कोकण, गोव्यात तो निदान एक पावसाळा घरात पडू द्या आणि कापल्यावर सर्व बाजूंनी, खाचांच्या आतूनही, सीलर मारा. सागवान नको असं नाही, पण त्याच्या तेलकटपणामुळे चिकटवण्याआधी जोड स्पिरिटने पुसून घ्यावे लागतात. वरची फळी १९ मिमी जाड, ७६० लांब, २२० रुंद ठेवा, पुढेमागे उभ्या फळ्या, आणि दोन्ही टोकांना १० मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेट. चेंजर आणि खुंट्यांचं डोकं लाकडाला नुसतं स्क्रूने न धरता या प्लेटलाही बोल्टने बांधा.

पेटी तयार झाल्यावर पहिली दोन पेडलं दाबा आणि ज्या तारेला पेडलने हात लावलेला नाही, उदाहरणार्थ आठवी, ती ट्यूनरवर बघा. ती थोडी उतरेल. पेटी वाकल्याची ती खूण. दोन-तीन सेंट सगळ्याच वाद्यांत असतं, वाजवताना जाणवत नाही. पाचाच्या पुढे गेलं तर फळीखाली ॲल्युमिनियमचा काटकोनी पट्टा चेंजरपासून खुंट्यांपर्यंत बसवा.

आडव्या सळया गोल घेण्यापेक्षा १० मिमीच्या चौकोनी घ्या. क्रँकचा ग्रब स्क्रू सपाट बाजूवर बसतो आणि घसरत नाही. त्यांच्या टोकांना पितळी बुश द्या. पेडलची पट्टी पुढच्या दोन पायांना बांधायची. पेडलं डावीकडून उजवीकडे पहिलं, दुसरं, तिसरं अशी लावली की एमन्स पद्धत, उलट लावली की डे पद्धत. दोन्ही त्या-त्या वादकाच्या नावाने चालतात. शिकवणीचं साहित्य बहुतेक एमन्स पद्धतीचं आहे, तीच घ्या. पायांची उंची स्वतःच्या खुर्चीवर बसून ठरवा: टाच जमिनीवर टेकलेली, मांडी पेटीखालून सहज जाईल आणि गुडघा बाजूला सरकवताच लिव्हर लागेल एवढी.

पिकअप विकतच आणा. दहा तारांचा सिंगल कॉइल पिकअप गुंडाळणं शक्य आहे, पण पहिल्या वाद्यात तो वेगळा उद्योग कशाला. आवाजाचं पेडल मात्र टाळू नका. सूर विरत जाताना पायाने आवाज वाढवून तो लांबवणं हा वादनाचाच भाग आहे. रेघांची पट्टी छापून घ्या. ६१० मिमीवर पहिली रेघ डाव्या टोकापासून ३४.२ मिमीवर, पाचवी १५३ वर, सातवी २०२.९ वर, बारावी ३०५ वर.

सूर लावताना ट्यूनरवर पूर्ण विसंबू नका. ई, बी हे सूर ट्यूनरवर लावा, पण जी शार्प हा इथे ईचा गंधार आहे. ट्यूनर दाखवतो तो गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. आपल्या कानाला हा फरक लगेच बोचतो, आणि अमेरिकेतले कितीतरी वादकही जी शार्प थोडा उतरवूनच लावतात. पहिली दोन पेडलं दाबली की ए चा मेळ होतो आणि त्यात सी शार्प गंधार होतो. तोही नायलॉनचा नट फिरवून कानानेच उतरवा. आधी खुल्या तारा खुंट्यांनी, मग पेडलांचे सूर नटांनी, हा क्रम पाळा. उलट केलं तर दर वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वाद्य हाताखाली रुळलं आणि तीन पेडलांत मन रमेनासं झालं की उतरवण्याच्या यंत्रणेकडे वळा. सगळ्या तारांना एकदम नको; आधी फक्त चौथी आणि आठवी, ई ते डी शार्प. कात्रीची पट्टी आणि स्प्रिंग पुन्हा त्याच बाकावर, एका तारेवर आधी चालवून बघा. इथे सूर चढा परत येत असेल तर पुली तपासा, कारण घर्षणाचा परिणाम आता उलट दिशेने दिसतो. पुली ठीक असूनही सूर उतरलेलाच राहत असेल तर स्प्रिंग कमी पडते आहे. स्प्रिंग निवडताना ती लिव्हर मोकळा असताना स्टॉपवर ठाम बसेल इतकीच कडक घ्या. त्याहून कडक घेतली तर गुडघ्याला जोर लागतो, आणि वाजवताना मांडी लवकर भरून येते.